वारा, विटाळ आणि विहीर: गोव्याच्या जुन्या घरांमागच्या आरोग्याच्या समजुती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला. चतुर्थीला पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की घरभर फिरतात आणि दरवर्षी तेच विचारतात: ही खोली एवढी काळोखी का, न्हाणी इतकी लांब का, राजांगणात, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकात, पाऊस येतो तर वर पत्रा का घालत नाही? अलीकडे जुनी घरं विकत घेऊन दुरुस्त करणारेही विचारू लागलेत. उत्तरं एकदाची लिहून ठेवावीत म्हणून हा प्रपंच.

जुन्या लोकांना नेमकी भीती कशाची होती?

वाऱ्याची. ती भीती आपल्या भाषेतच मुरली आहे. अर्धांगवायू झाला की 'अंगावरून वारं गेलं', गुडघे धरले की 'वात', तान्हं किरकिरलं की 'वारं लागलं'. आयुर्वेदातली वात-पित्त-कफाची मांडणी घरोघरी पोचली ती अशी, बोलण्यातून.

समुद्रापलीकडून आलेले पोर्तुगीजही हवेलाच भिऊन होते. दलदलीतून, कुजट वासातून, रात्रीच्या हवेतून रोग येतो असं तेव्हाचे युरोपीय वैद्य मानत. 'मलेरिया' हा शब्दच मुळी इटालियनमधली 'वाईट हवा'. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. औषधी द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये इथंच छापला गेला. त्यात पटकीचं (कॉलऱ्याचं) वर्णन आहे, आणि रोगाचं नाव आपलंच, मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचं 'मोर्देशिम' केलं, फ्रेंचांनी ते ऐकून 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचं मरण, करून टाकलं. त्याआधी १५४३ मध्ये मोडशीची मोठी साथ गोव्यानं पाहिली होती.

म्हणजे दोन्हीकडचे वैद्य वेगवेगळ्या पोथ्या वाचून एकाच गोष्टीवर आले: हवा सांभाळा. घरं त्या हिशेबानं बांधली गेली. माणसं मात्र मरत होती पाण्यानं आणि डासांनी. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नोनं लंडनमध्ये दाखवलं ते १८५४ साली. रॉबर्ट कॉख कोलकात्यात पटकीचा जंतू तपासत होता तो १८८४ मध्ये. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला १८९७ मध्ये. तोवर आमच्याकडचे कितीतरी वाडे बांधून, राहून, जुने झाले होते. गोव्याचं जुनं घर बघताना मी एवढं एकच ध्यानात ठेवतो: पहारा वाऱ्यावर होता आणि चोर विहिरीतून येत होता.

जुनं गोवं 'खराब हवे'मुळे ओस पडलं असं शाळेत शिकलो. ते खोटं का?

साथींमुळे ओस पडलं हे खरं, हवेमुळे हे खोटं. जुनं गोवं ही पोर्तुगीजांची जुनी राजधानी. मांडवीकाठी दाटीवाटीनं वसलेलं शहर, जमीन सच्छिद्र, घाण जिरणार त्याच जमिनीत आणि पिण्याच्या विहिरीही तिथंच. पटकी आणि हिवताप तिथं मुक्कामाला असल्यासारखे होते.

पोर्तुगीज व्हाइसरॉयनं १६९५ मध्ये मुक्काम जवळच्या पणेलीला हलवला आणि १७५९ मध्ये पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मधल्या काळात, १७७० च्या दशकात, पोर्तुगालचा मुख्य मंत्री मार्केश द पोंबाल यानं जुनं शहर पुन्हा वसवायचा घाट घातला होता. तो फसला.

घरांच्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग पुढचा. पणजी बांधताना लोकांच्या मनात जुन्या गोव्याची धास्ती होती. गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु (कारकीर्द १८२७ ते १८३५) यानं दलदली बुजवल्या, रस्ते आखले. हेतू 'वाईट हवा' घालवण्याचा. पण दलदल बुजवली की डासही कमी होतात. चुकीच्या कारणासाठी केलेलं बरोबर काम, याचं याहून चांगलं उदाहरण मला गोव्यात दुसरं ठाऊक नाही.

हिंदू घरात राजांगण असतं. ते आरोग्यासाठी की फक्त धार्मिक?

बांधणाऱ्याला तुम्ही हे विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता. त्याच्या लेखी हे दोन कप्पे नव्हतेच. मध्ये उघडा चौक, चारी बाजूंनी खांबांची ओसरी, मध्यभागी तुळस. बाहेरच्या भिंतींना खिडक्या कमी आणि लहान, कारण बाहेरचा वारा, बाहेरची नजर आणि बाहेरचा चोर, तिन्ही नकोत. मग उजेड कुठून आणायचा? आतून.

चरकसंहितेत रुग्णासाठी घर कसं असावं ते सांगताना म्हटलंय की ते निवात असावं, पण एका भागात वारा खेळता असावा. धूर, ऊन, धूळ आत येऊ नये. आमच्या गवंड्यानं चरक वाचला असेल असं मी म्हणत नाही. पण राजांगणाचं घर हे त्याच कल्पनेचं चिऱ्यातलं, म्हणजे जांभ्या दगडातलं, रूप आहे. भिंती दीड-दोन फूट जाड, खोल्या थंड, चौकातली हवा तापली की वर जाते आणि खोल्यांतली हवा हळूहळू तिच्या मागे सरकते. झुळूक अंगावर येत नाही, कोंडल्यासारखंही होत नाही.

पावसाळ्यात चौकात पाणी कोसळतंच. गोव्याच्या किनारपट्टीला वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यासाठी चौक ओसरीपेक्षा हातभर खोल ठेवलेला असतो आणि कोपऱ्यात मोरी, जी घराखालून पलीकडे परसात निघते. ही मोरी तुंबली की सगळं आरोग्यशास्त्र बुडालं. आमच्याकडे मिरगाच्या आधी ती उपसायचं काम पोरांकडे असे. मी तिच्यातून एकदा आत्याची हरवलेली कुडी काढली होती, आणि तीन दगडी गोट्या.

जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले का?

काच महाग आणि दूर, शिंपले खाडीत. प्लॅकुना प्लॅसेंटा नावाच्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे कापून लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत सरकवलेले असतात. चिखलीच्या खाडीत हा शिंपला अजून मिळतो. त्यातून येणारा उजेड दुधी, डोळ्यांना न टोचणारा. ऊन अडतं, पाऊस अडतो, उजेड येतो. रात्री दारं ओढून घेतली की 'रात्रीची हवा' बाहेर, अशी समजूत. खिडकी बंद असल्यामुळे संध्याकाळी शिरणारे डासही बाहेर राहत, हा न मागता मिळालेला लाभ. अर्थात जे आधीच आत शिरले होते ते रात्रभर तुमच्याच सोबतीला.

ख्रिश्चन घरांचं बाल्कांव हे मोकळ्या हवेसाठी का?

थोडंसं. मुळात ते गप्पांसाठी. दारासमोर पायऱ्या, दोन्ही बाजूंना सोपो म्हणजे बांधीव बाक, वर छप्पर. हिंदू घर आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेलं, ख्रिश्चन घर रस्त्याकडे. संध्याकाळी बाल्कांवात बसणं आरोग्याला चांगलं असं म्हातारे म्हणत, आणि दिवेलागण झाली की तेच म्हातारे पोरांना 'दव पडतंय, आत व्हा' म्हणून हाकलत.

बाल्कांवापेक्षा घराचं जोतं बघा. चार-पाच पायऱ्या चढून जावं लागतं ते नुसत्या थाटासाठी नाही. चिऱ्याची जमीन पाणी शोषते आणि ओल भिंतीतून वर चढते. जोतं उंच असलं की राहण्याची खोली ओलीपासून, सापकिरडापासून दूर. ओलीला दोन्ही समाज घाबरत, आणि ही भीती मात्र शंभर टक्के रास्त होती.

बाळंतिणीची खोली इतकी काळोखी का असे?

आमच्या घरात ती माजघर आणि न्हाणी यांच्या मध्ये आहे. दार इतकं बुटकं की अजूनही मी डोकं आपटतो. एक झरोका, तोही वर कौलांच्या जवळ, हात जेमतेम जाईल एवढा. माझे वडील आणि त्यांची पाच भावंडं तिथं जन्मली. घरात तिला 'काळोखी कूड' म्हणत.

कल्पना अशी: बाळंतीण झाली की शरीर उघडं पडतं, वारा कुठूनही शिरतो. म्हणून कान बांधायचे, झरोक्यात फडकं कोंबायचं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, तीवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणीच्या सालांची धुरी. न्हाणी लागूनच, कारण कढत पाण्याचं न्हाणं रोजचं, आणि त्यासाठी तिला उघड्यावरून जावं लागू नये. न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचं भाण कायमचं बसवलेलं असे. खाली चुडत्या (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि नारळाची सोडणं पेटत. आजीला मी एकदा म्हटलं, उजेड तरी यायला हवा होता. ती म्हणाली, "उजवाड येता थंय वारोय येता."

आता हिशेब मांडू. दहा दिवस सोयर, म्हणजे पाहुणे नाहीत, कामाला हात लावायचा नाही, कुणी शिवायचं नाही. एरवी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या सुनेला आयुष्यात तेवढीच हक्काची विश्रांती मिळे, आणि नवजात बाळाच्या अंगावर गावभरचे जंतू येत नसत. हे जमेला.

खर्चाची बाजू मोठी आहे. बंद खोलीतला धूर त्या बाळाच्या पहिल्याच श्वासांत जाई. नाळ कापायला जे हाताशी असेल ते, आणि कापलेल्या जागी राख किंवा शेणी. त्यातून धनुर्वात. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो. सटीची पूजा सहाव्या रात्री, आणि सटवी बाळाला नेते ही भीतीही त्याच दिवसांतली. लोकांना धोक्याचा काळ अचूक कळला होता, दार कुठलं ते कळलं नव्हतं. झरोका बुजवत राहिले आणि रोग नाळेतून आला. तो हटवला गरोदर बाईला दिलेल्या लसीनं आणि उकळलेल्या पात्यानं. माता आणि नवजातांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ मध्ये मान्य झालं.

आयुर्वेदाच्या नावावर ही काळोखी खोली खपवली जाते ते मला पटत नाही. चरकानं वर्णिलेलं सूतिकागार पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे दार असलेलं, अग्नी, पाणी, स्नानाची जागा, शौचाची जागा, स्वयंपाकाची जागा अशा सोयींचं आणि त्या त्या ऋतूत सुखाचं असावं असं आहे. म्हणजे तो चांगला ऐसपैस कारभार. तो आकसत आकसत घरातल्या सर्वांत वाईट खोलीत कसा येऊन बसला, याचं उत्तर वैद्यकात नाही, विटाळात आहे. त्याविषयी खाली.

शेणाचं सारवण जंतुनाशक असतं ना?

नाही. शेण हे शेण आहे. सारवलेली जमीन धूळ धरते, उन्हाळ्यात थंड राहते, अनवाणी पायांना मऊ लागते, आणि दर चार-आठ दिवसांनी सारवायचं म्हणजे कोपरान्‌कोपरा झाडला जातो. हा शेवटचा फायदा खरा. पण 'आमच्या पूर्वजांना अँटिसेप्टिक माहीत होतं' असले संदेश फिरतात ते वाचून नाळेच्या जखमेचं वर लिहिलेलं आठवा. धनुर्वाताचे जंतू जनावरांच्या शेणात हमखास सापडतात.

आणि चुना?

चुना मात्र खराखुरा कामाचा. गोव्यात शिंपले भाजून चुना करत. ताजी चुनकळी इतकी अल्कधर्मी असते की बुरशी आणि पुष्कळ जंतू तिच्यात टिकत नाहीत. वर चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर सोडते. पावसाळा सरला की घराला चुना काढायचा हा रिवाज सणासाठी म्हणून पाळला गेला, पण बुरशी धरलेल्या भिंतीला त्यापेक्षा चांगलं औषध नव्हतं.

स्वयंपाकघराला धुराडं का नव्हतं? डोळे जळत नसत?

जळत. आजीचे डोळे शेवटपर्यंत लाल. पण धूर हा शत्रू मानलाच जात नव्हता, तो पहारेकरी होता. चुलीचा धूर कौलांतून सावकाश बाहेर पडे, जाताना वासे आणि रिपा धुपवून वाळवी-भुंग्यांपासून राखी. माळ्यावरचे नारळ, सोलां (आमसुलं), पावसाळ्याचं पुरुमेंत म्हणजे साठवणीचं सामान, सगळं त्या धुरानं कोरडं राही. डासही कमी होत, निदान तेवढा वेळ. घर टिकलं. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षं तो धूर फुंकला त्या बायकांच्या फुप्फुसांचं काय झालं, ते कुणी वहीत लिहून ठेवलं नाही.

वास्तूच्या नियमानं चूल आग्नेयेला. आमच्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे आग्नेयेच्या चुलीचा धूर माजघरात घुसत नाही आणि सकाळचं ऊन सर्वांत आधी स्वयंपाकघरात पोचतं. नियम इथं जमून गेला. सगळीकडे जमतोच असं नाही.

विहीर आणि संडास यांचा विचार कसा केलेला असे?

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

वास्तूप्रमाणे विहीर ईशान्येला. संडास असा नव्हताच. हिंदू घरांत कुळागराच्या टोकाला किंवा डोंगराच्या बाजूला जायचं. किनाऱ्याकडच्या गावांत डुकरांचे संडास: चिऱ्याची उंच खोली, मागं उतार, उताराखाली डुकरं. वास नाही, काही उपसायचं नाही, म्हणून ही व्यवस्था शहाणपणाची समजली जाई. पण तेच डुक्कर पुढे ताटात येई, आणि मांस नीट शिजलं नाही तर पोटात फीतकृमी. ही साखळी हवेच्या सिद्धांतात कुठंच बसत नव्हती, म्हणून कुणाला दिसलीही नाही.

दूर जाण्यामागची समजूत वासाची आणि विटाळाची. पाण्याचा त्यात विचार नाही. तरी अंतर राखलं गेल्यामुळे विहीर पुष्कळदा वाचली. खरा घोळ झाला तो पुढे, घराला लागून पक्के संडास आणि सोक पिट (शोषखड्डे) बांधले गेले तेव्हा. संडास जवळ आला, विहीर होती तिथंच राहिली. चिरा हा भेगाळ, भोकांचा दगड. त्यातून पाणी गाळून जात नाही, वाट काढत जातं. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात निदान १५ मीटर अंतर हवं असा ढोबळ नियम आहे, आणि चिऱ्याच्या जमिनीत तर त्याहून जास्त ठेवलेलं बरं.

मला लोक विचारतात, 'विहीर ईशान्येलाच हवी का?' मी उलट विचारतो, तुमच्या जमिनीचा उतार कुठं? उतार नैर्ऋत्येकडे असेल तर ईशान्येची विहीर वरच्या अंगाला आणि सुरक्षित. उतार उलटा असेल तर तीच ईशान्य तुमच्या घरातली सगळी घाण पिणार. दिशा पाठ करणाऱ्यांनी उतार बघितला नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट डासांची. हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. म्हणजे विहिरीत, टाक्यांत. घरातली सर्वांत पवित्र, सर्वांत सोवळी जागा हेच त्याचं पाळणाघर. विहिरीत मासे सोडण्याची पद्धत चांगली, ते अळ्या खातात. त्याहून चांगलं म्हणजे बारीक जाळीचं झाकण.

तांब्याच्या घागरीचं मात्र कौतुक करायला हवं. रात्रभर तांब्यात राहिलेल्या पाण्यात पोटाच्या रोगांचे जंतू मरतात असं प्रयोगांत दिसलं आहे. ज्यांच्या घरी घागर मातीची, त्यांना हा लाभ नव्हता.

सोवळं-ओवळं म्हणजे त्या काळची स्वच्छताच होती, असं म्हणता येईल का?

असं म्हणायला फार सोयीचं आहे. हात-पाय धुऊन घरात येणं, न्हाऊन स्वयंपाक करणं, उष्टं वेगळं ठेवणं, यात स्वच्छता आहेच. पण बारकाईनं बघा. पाळीच्या दिवसांत बाईला कोपऱ्यात बसवलं त्यानं कुठला रोग अडला? देवी किंवा पटकीच्या रुग्णाला वेगळं ठेवण्यात अर्थ होता, पण निरोगी माणसाला जातीमुळे मागच्या दारानं बोलावणं, त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतणं, त्याला विहिरीवर चढू न देणं, याला कुठल्या वैद्यकात बसवणार?

घराच्या नकाशात हे सगळं चिऱ्यात कोरलेलं आहे: पुढची पडवी कुणासाठी, वसरी कुणासाठी, माजघराचा उंबरठा कुणी ओलांडायचा नाही, मागचं दार कुणाचं. काळोखी कूड घरातल्या सर्वांत वाईट जागी गेली तीही अशीच. स्वच्छतेची भाषा बोलली की पंगतीतला भेद झाकतो, म्हणून 'आमचे पूर्वज सायंटिफिक होते' हे वाक्य आलं की मी आधी मागचं दार बघायला जातो.

तुम्ही सांगता ती सगळी भाटकारांची (जमीनदारांची) घरं. बाकीच्यांची?

मातीच्या भिंती, झावळ्यांचं किंवा गवताचं छप्पर, एक-दोन खोल्या, चूल त्यातच, पावसाळ्यात भिंतींना बाहेरून झाप बांधलेले. मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाच्या, घराची जागा भाटकार ठरवी, आणि उंच, कोरडी जागा सहसा भाटकार स्वतःकडे ठेवी. वात-पित्त काहीही म्हणोत, कुणी ओलीत झोपायचं हे जमिनीच्या मालकीवर ठरे. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून कायदा आला तो १९७५ मध्ये. त्यानंतर पुष्कळांनी माती काढून चिरे लावले, कारण उद्या हाकलतील ही भीती गेली. आरोग्यासाठी बांधलेलं घर म्हणून मला दाखवायला सांगितलं तर मी अशी घरं दाखवीन.

तुळस डास पळवते का?

कुंडीभर तुळशीनं घरभर डास पळत नाहीत. तुळशीच्या तेलाला डास थोडे बिचकतात, पण झाड नुसतं उभं राहून ते करत नाही. गोव्यात तुळशीला आरोग्यापेक्षा वेगळा इतिहास आहे. इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, १७३६ च्या आदेशात बाटलेल्या लोकांना घरात, परसात तुळस ठेवायला मनाई केली. त्या दिवसांत ती ठेवणं म्हणजे आपण कोण ते सांगणं होतं. दारापुढे क्रूस की वृंदावन, एवढ्यावर आजही घर ओळखता येतं.

उत्तरेला डोकं करून झोपू नये, त्यासाठी खोल्यांची मांडणी बदलायची का?

खाट फिरवा. भिंत पाडू नका.

जुनं घर दुरुस्त करताना काय ठेवावं, काय काढावं?

माझा अनुभव सांगतो, कारण पैसे आमचेच गेले. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सल्ल्यानं आम्ही राजांगणावर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा बसवला आणि चुन्याच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. 'पाऊस नाही, ओल नाही, काळजी नाही,' असं तो म्हणाला. पहिल्याच पावसाळ्यात माजघराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी चढली. जमिनीतून वर येणारी ओल आधी भिंतीतून उडून जायची, आता सिमेंटच्या आड कोंडली. चौकातून वर जाणारी गरम हवा पत्र्याखाली अडकली. आईचा दमा वाढला. दोन वर्षांनी पत्रा काढला, गिलावा फोडला, पुन्हा चुना मारला. ठेकेदार तोवर दुसऱ्या तालुक्यात काम करत होता.

म्हणून: चौक उघडा ठेवा, फार तर डासांची जाळी लावा. भिंत चुन्याची तर दुरुस्ती चुन्यानंच. जोत्याभोवती माती साचू देऊ नका. काळोख्या खोलीला बेलाशक मोठी खिडकी पाडा, वारा कुणाला खाणार नाही. चुलीला धुराडं किंवा गॅस. विहिरीला झाकण, आणि वर्षातून एकदा पाण्याची तपासणी. पैसे कमी असतील तर खिडकी पुढच्या वर्षी करा, विहीर या वर्षी.

अशी घरं बघायला कुठं मिळतील?

चांदरचं ब्रागांझा घराण्याचं घर, केपेचं पालासियो दो देआंव (१७८७ चं), लोटलीचं अ‍ॅन्सेस्ट्रल गोवा, आणि तोर्ड्याला जेरार्द द कुन्या या वास्तुविशारदानं उभारलेलं गोव्याच्या घरांचं संग्रहालय. राजांगणाची हिंदू घरं बहुतेक राहती आहेत, फोंडा, सत्तरी, पेडण्याकडे. तिथं ओळखीनं जा, चपला बाहेर काढा आणि मोरी कुठं निघते ते विचारा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आनंद होतो.

तुमच्या घरातली ती काळोखी कूड अजून आहे का?

आहे. बाबांनी १९९० च्या सुमारास तिला तीन फुटांची खिडकी पाडून घेतली. गवंडी गेल्यावर आजी आली, खिडकीसमोर जरा वेळ उभी राहिली, मग जुन्या लुगड्याचा पडदा शिवून लावला आणि संध्याकाळी पाच वाजले की न चुकता ओढून घेऊ लागली. आता तिथं वॉशिंग मशीन आहे. पडद्याची दांडी अजून काढलेली नाही.